वाईनचा साधा ओपनर घेताना हँडल नव्हे, आटे बघा

पाचपाखाडीत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: आमच्याकडे वर्षातून चार-पाच वेळा वाईनची बाटली उघडतात. घरात भेट आलेला दोन पंखांचा ओपनर आहे. गेल्या महिन्यात लग्नाच्या वाढदिवसाला तो वापरला, तर बुचाच्या मधोमध भोक पडून भुसा वर आला आणि बूच जागचं हललंच नाही. शेवटी चमच्याच्या दांड्यानं ते आत ढकललं आणि चहाच्या गाळणीतून वाईन गाळून पाहुण्यांना दिली. माझं उजवं मनगट दोन वर्षांपूर्वी मोडलं होतं, त्यामुळे जोर लावता येत नाही. साधा, स्वस्त ओपनर कुठला घ्यावा? बॅटरीवरचा घ्यावा का? घरात अजून दोन बाटल्या आहेत, एक रेड आणि एक स्पार्कलिंग, म्हणजे फेसाळणारी.

ताई, आधी एक सांगतो, त्या दिवशी चूक तुमची नव्हती. मी वाशी-ठाण्याच्या हॉटेलांत स्टुअर्ड म्हणून लागलो, पुढे कॅप्टन झालो आणि आता नवीन मुलांना टेबल सर्व्हिस शिकवतो. या वर्षांत हजारो बुचं काढली आणि शेकडो बुचं लोकांच्या हातून तुटताना पाहिली. तुटलेल्या बुचामागे बहुतेक वेळा हाताचा दोष नसतो, बुचात शिरणाऱ्या त्या वळणदार सळईचा, म्हणजे आट्यांचा असतो. दुकानात मात्र ती सळई सोडून बाकी सगळं दाखवतात. हँडल लाकडी आहे, पॉलिश चकाचक आहे, मखमलीची डबी आहे.

बूच बाटलीत कसं बसतं हे कळलं की ओपनर कसा हवा ते आपोआप कळतं. कॉर्क ओकच्या झाडाची जाड साल काढून हे बूच करतात. जगातलं जवळपास निम्मं कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतं आणि तिथं एका झाडाची साल नऊ वर्षांतून एकदाच काढतात. बाटलीत जाण्याआधी बुचाचा व्यास साधारण २४ मिलिमीटर असतो आणि बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास असतो जेमतेम साडेअठरा. म्हणजे बूच चांगलं दाबून आत घातलेलं असतं आणि ते सतत बाहेरच्या बाजूला, काचेवर रेटा देत असतं. लांबी ३८ ते ४९ मिलिमीटर. ते सरळ ओढून काढायला वीस ते चाळीस किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो. तांदळाची पंचवीस किलोची गोणी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल.

तेव्हा ओपनरला कामं दोनच. बूच न फाडता आतून घट्ट धरायचं आणि एवढा जोर तुमच्या मनगटावर येऊ द्यायचा नाही. पहिलं काम आट्यांचं, दुसरं तरफेचं. तुमच्या पंखवाल्या ओपनरची तरफ चांगली आहे, एकाऐवजी दोन आहेत. आटे मात्र वाईट असणार. भुसा वर आला असं तुम्ही लिहिलंत, तेवढ्यावरूनच सांगतो.

काकडीच्या किंवा दुधीच्या वेलाचा ताणा आठवतो? मांडवाच्या काठीला गुंडाळलेला असतो आणि काठी बाजूला केली की वळसे तसेच राहतात, मध्ये पोकळ. ओपनरचे आटे असे हवेत. एकच गोल तार, वळसे घेत खाली गेलेली आणि मधोमध मोकळी जागा. अशी तार बुचात शिरते तेव्हा स्वतःपुरती बारीक वाट करते आणि वळशांच्या आतलं बूच जसंच्या तसं शाबूत राहतं. वर ओढताना ते सगळं बूच एकसंध पकडीत असतं. बाजारातल्या स्वस्त ओपनरांमध्ये, विशेषतः पंखवाल्यांमध्ये, बऱ्याचदा सुताराच्या लाकडी स्क्रूसारखी सळई असते. मध्ये भरीव दांडा आणि त्याच्या कडेनं पातळ धार. हा दांडा बुचाच्या पोटात घुसून मधलं कॉर्क चुरडतो. वर ओढलं की पकड फक्त त्या पातळ धारेची, आणि ती धार बूच किसत वर येते. बूच नवं, लवचीक असेल तर निभावतं. जरा जुनं किंवा कोरडं असेल तर तुमच्याकडे झालं तेच होतं.

दुकानात तपासायला माझी एक पद्धत आहे आणि मी ती प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी शिकवतो. खिशात काडेपेटीतली एक काडी ठेवायची. ओपनर हातात घेतला की आट्यांच्या टोकाकडून मधल्या पोकळीत ती काडी सरकवायची. वरपर्यंत गेली तर आटे खरे. अडली तर ओपनर खाली ठेवायचा, किंमत विचारायचीसुद्धा गरज नाही. मग टोक बघायचं. चांगल्या आट्यांचं टोक मधोमध नसतं, वळशाच्या कडेवर असतं, आणि बोटाच्या पेराला हलकेच लावलं तर टोचतं. नंतर वळसे मोजायचे, पाच तरी हवेत. चारच असतील तर लांब बुचाचा खालचा भाग पकडीत येत नाही आणि बूच अर्ध्यात तुटतं. तारेवर काळपट, गुळगुळीत टेफ्लॉनचा थर असेल तर उत्तम. नुसती चांगली स्टीलची तारही चालते. चकचकीत मुलामा असेल तर नख घासून बघा, स्वस्त मुलाम्याचे पापुद्रे सुटतात.

मी एका हॉटेलात असताना खरेदी विभागानं जुने ओपनर काढून एकदम दोन डझन नवे आणले. वजनदार, दिसायला झकास, पण आटे भरीव. पहिल्या शनिवारी रात्री चार टेबलांवर चार बुचं तुटली. त्यातलं एक टेबल एका वयस्कर जोडप्याचं होतं. मुलानं परदेशाहून आणलेली बाटली त्यांनी बरीच वर्षं जपून ठेवली होती आणि व्यवस्थापकांची परवानगी घेऊन ती आणली होती. बाटली उघडणारा मुलगा कामात तरबेज होता. तरी बुचाचा वरचा अर्धा भाग त्याच्या हातात आला आणि आजोबांचा चेहरा उतरलेला मी समोर उभा राहून पाहिला. खालचा अर्धा भाग मी माझ्या स्वतःच्या जुन्या ओपनरनं काढला, पण तो क्षण काही परत आला नाही. सोमवारी मी काडी घेऊन खरेदीवाल्यांकडे गेलो. त्यांना काडी अडलेली दाखवली आणि दोन डझन ओपनर परत गेले. तेव्हापासून आटे या एका गोष्टीवर मी तडजोड करत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. वेटर जो खिशात ठेवतात तो घडीचा ओपनर घ्या, दोन टप्प्यांच्या तरफेचा. आमच्या धंद्यात त्याला वेटर्स फ्रेंड म्हणतात. कार्ल विन्के नावाच्या जर्मन माणसानं १८८२ साली याचं पेटंट घेतलं आणि आजही जगभरच्या हॉटेलांत वेटरच्या खिशात तोच असतो. एका बाजूला मुडपलेलं छोटं पातं, मध्ये आटे, दुसऱ्या बाजूला बाटलीच्या काठावर टेकवायची तरफ. विन्केच्या मूळ रचनेत तरफेला एकच खाच होती. पुढे तरफेच्या मध्ये बिजागरी बसवून दोन खाचा केल्या आणि खरा फरक तिथं पडला. एका खाचेच्या ओपनरमध्ये बूच अर्धं वर आलं की ओढ तिरकी लागायला लागते, बूच वाकतं आणि तिथंच तुटतं. दोन खाचांमध्ये पहिला निम्मा प्रवास वरच्या खाचेवर होतो, उरलेला खालच्या खाचेवर, आणि दोन्ही वेळा ओढ जवळपास सरळ राहते. जोरही विभागला जातो. म्हणून घेताना दोन खाचांचाच मागा. दुकानदार एका खाचेचा देऊन ‘सेमच आहे’ म्हणेल. सेम नाही.

किंमत साधारण २०० ते ५०० रुपये. यापेक्षा जास्त देण्याचं घरगुती वापरात काही कारण नाही. शंभराच्या आतला घेऊ नका, त्यात बिजागरीचा रिव्हेट सैल असतो आणि तरफ डुगडुगते. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांत विचारून बघा. कधी मुंबईला गेलात तर क्रॉफर्ड मार्केट, लोहार चाळीच्या भागात जास्त नमुने बघायला मिळतील. ऑनलाइन घेणार असाल तर आट्यांचा जवळून काढलेला फोटो असेल तरच घ्या, आणि घरी आल्यावर काडी घालून बघा. अडली तर परत पाठवा. पातं दातेरी असेल तर बरं, बाटलीच्या तोंडावरचं फॉइल एका फेरीत कापलं जातं.

मनगटाचं म्हणाल तर दोन टप्प्यांच्या तरफेला वर उचलताना फार जोर लागत नाही, पण आटे आत फिरवताना मनगट पाच-सहा वेळा वळतं. ओपनर हाती आला की एखाद्या जुन्या, नुसत्या बुचात आटे फिरवून बघा. कळ आली तर मग दुसरा प्रकार घ्या. बाटलीच्या तोंडावर बसणारी प्लास्टिकची चौकट आणि त्यातून खाली जाणारे लांब, टेफ्लॉन चढवलेले आटे. एकाच दिशेनं फिरवत राहायचं. आटे बुचात पूर्ण गेले की बूच आपोआप त्याच आट्यांवरून वर चढत येतं, ओढायचं काहीच नाही. हर्बर्ट ॲलन या अमेरिकन इंजिनियरनं १९७० च्या दशकाच्या शेवटी हा आणला. माणूस तेलविहिरींच्या यंत्रसामग्रीतला होता, आट्यांचं काम त्याला चांगलं कळत होतं. नक्कल केलेले स्वस्त नमुने मिळतात, काडीची परीक्षा त्यांनाही लावा. हा खिशात मावत नाही, पण दुखऱ्या हाताला याच्याइतका सोपा साधा ओपनर मी पाहिलेला नाही.

बॅटरीवरचा चालतो, वाईट नाही. पण वर्षातून चार-पाच वेळाच लागणार असेल तर आपल्याकडच्या हवेत मी तो सुचवणार नाही. जून ते सप्टेंबर इकडची दमट हवा तुम्हाला ठाऊक आहे. ड्रॉवरमध्ये पडलेल्या यंत्रातले सेल पाझरतात, पट्ट्यांवर हिरवट-पांढरं चढतं आणि नेमके पाहुणे बसलेले असताना ते यंत्र ढिम्म राहतं. आधीच्या दोन्हींनी मनगट दुखलं तरच तो घ्या, आणि वापर झाला की सेल काढून ठेवा. सुईतून हवा भरून बूच बाहेर ढकलणारे पंप येतात, ते घेऊ नका. बाटलीच्या काचेत दोष असेल तर आत दाब वाढवणं धोक्याचं. दोन पात्यांचा, बुचाच्या कडेनं घालायचा चिमटा जुन्या बुचांसाठी फार चांगला असतो, पण त्याला सराव लागतो. तुमचा पंखवाला फेकण्याआधी त्यालाही काडी लावून बघा. आत गेली तर दोष आट्यांचा नसेल, तेव्हा आटे तिरके गेले असतील.

रेड वाईनची बाटली उघडण्याआधी तिला बूच आहे का ते पाहा. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण नाशिककडच्या बऱ्याच वाईनला हल्ली फिरकीचं झाकण असतं आणि लोक त्यावर ओपनर चालवायला बघतात. मानेवर धातूच्या आवरणात बारीक कापांची गोल रेघ दिसली तर ते फिरकीचं झाकण. रेघेखालचा भाग एका हातानं घट्ट धरून वरचं झाकण फिरवा, झालं.

बूच असेल तर बाटली टेबलावर सरळ उभी ठेवा. मांडीत धरू नका. बाटलीच्या तोंडाशी काचेची जाड कड असते, पातं तिच्या खाली टेकवून फॉइल गोल कापा आणि वरची टोपी काढून टाका. कडेच्या वरून कापलं तर ओतताना वाईन फॉइलला लागून येते. बुचाचा माथा ओल्या फडक्यानं पुसा. तिथं थोडी काळी बुरशी दिसली तर घाबरू नका, आतल्या वाईनला काही झालेलं नसतं.

आता आट्यांचं टोक बुचाच्या बरोबर मध्यावर ठेवायचं नाही, मध्यापासून किंचित बाजूला ठेवायचं. टोक वळशाच्या कडेवर असतं हे मगाशी सांगितलं. ते मध्यावर ठेवलं तर सगळे वळसे एका बाजूला सरकतात आणि आटे काचेला घासतात. टोक पहिल्यांदा थोडं आडवं धरून टोचा, आत रुतलं की ओपनर सरळ उभा करा आणि मग फिरवायला लागा. बाटली नाही, ओपनर फिरवा. घाई नको. शेवटचा एक वळसा बाहेर दिसत असताना थांबा. सगळे वळसे आत घातले तर आखूड बुचाच्या तळातून टोक बाहेर येतं आणि कण वाईनमध्ये पडतात.

वरची खाच, म्हणजे आट्यांच्या जवळची, बाटलीच्या काठावर टेकवा. डाव्या हाताच्या बोटांनी ती खाच आणि बाटलीची मान एकत्र धरा. हे विसरू नका. खाच निसटली तर काचेचा टवका उडू शकतो. उजव्या हातानं हँडल सरळ वर उचला. बूच साधारण निम्मं वर येईल. खाच सोडा, खालची टेकवा, पुन्हा उचला. शेवटचं बोटाच्या पेराएवढं बूच उरलं की तरफ सोडून द्या. बूच हातात धरून हळूहळू डावी-उजवीकडे हलवत काढा. मोठा ‘टॉक’ आवाज काढायची लोकांना हौस असते, पण जोरात उपटलं की वाईनचे थेंब टेबलक्लॉथवर उडतात. बाटलीच्या तोंडाचा आतला काठ पुसा आणि ओता.

तरीही बूच अर्ध्यात तुटलंच, तर लगेच आत ढकलू नका. बाटली थोडी तिरकी धरा, उरलेल्या बुचात आटे जरा वेगळ्या कोनातून, अगदी हलक्या हातानं फिरवा. खाली दाब देऊ नका, आटे स्वतःच ओढून घेतात. दहापैकी सात-आठ वेळा उरलेलं बूच येतं. आलं नाही तर तुम्ही केलंत तेच करा, फक्त चहाची गाळणी वापरू नका. तिच्या जाळीला चहाचा वास असतो आणि तो वाईनला लागतो. धुतलेलं, साबणाचा वास नसलेलं मलमलचं फडकं घ्या किंवा कॉफीचा कागदी फिल्टर. बुचाचे कण पोटात गेले तरी अपाय नाही, जिभेला नको वाटतात इतकंच. बुटात बाटली घालून भिंतीवर आपटण्याचे व्हिडिओ फिरतात, त्याच्या वाटेला जाऊ नका. बाटली फुटून हाताला टाके पडलेला माणूस मी पाहिला आहे.

बाटल्या कुठे ठेवल्या आहेत तेही बघा. फ्रिजच्या डोक्यावर किंवा ओट्याच्या वरच्या कपाटात असतील तर आजच हलवा. मे महिन्यात तिथं इतकं तापतं की आतली वाईन फुगून बूच वर सरकवते, कधी कडेनं पाझरते. बेडरूमच्या कपाटात, तळाशी, अंधारात, आडवी ठेवा. ओपनर वापरून झाला की धुऊन सिंकमध्ये सोडू नका. आटे कोरड्या फडक्यानं पुसा, पावसाळ्यात बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा, आट्यांना तेल लावू नका. आणि सहलीला नेणार असाल तर पात्यामुळे विमानात हातातल्या बॅगेत तो चालत नाही, मोठ्या बॅगेत टाका.

स्पार्कलिंगच्या बाटलीला ओपनर लावायचाच नाही. तिच्यात चारचाकीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असू शकतो आणि आटे घुसवले तर बूच ओपनरसकट चेहऱ्यावर येऊ शकतं. बाटली फ्रिजमध्ये तीन-चार तास चांगली गार करा, गार बाटलीत दाब कमी असतो. फॉइल काढा, बुचावर अंगठा दाबून ठेवा आणि तारेची कडी उलटी फिरवून सैल करा. साधारण सहा अर्धे वळसे लागतात. तारेची जाळी काढायची नाही, ती बुचावरच राहू द्या, अंगठाही उचलायचा नाही. बाटली माणसांपासून दूर, पंचेचाळीस अंशांत तिरकी धरा. वर नॅपकिन टाकून एका हातानं बूच गच्च धरा आणि दुसऱ्या हातानं बाटली तळाशी धरून फिरवा. इथं बूच नाही, बाटली फिरवायची. दुखरा हात बुचावर ठेवा, चांगला हात बाटलीखाली. बूच वर यायला लागलं की त्याला उलट थोपवून धरा, हळूच सोडा. उसासा टाकल्याइतका आवाज होतो, बूच मुठीत राहतं आणि वाईन सगळी बाटलीत.